शिसे मऊ, खिळा कठीण : संमिश्राचा एक पाठ आणि एक सावधगिरी



सहावी ते आठवीच्या विज्ञानात 'मिश्रण' आणि 'संमिश्र' हे शब्द येतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, कांसे म्हणजे तांबे आणि कथील. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. कारण एक प्रश्न राहूनच जातो : चांगला शुद्ध धातू हाताशी असताना त्यात दुसरा मिसळायचाच कशाला?

हा प्रश्न समजावून सांगायला शिशासारखा दुसरा धातू नाही. शिशात काय आणि किती मिसळलं यावर त्याची बंदुकीची गोळी होते, छापखान्यातला खिळा होतो, बॅटरीची जाळी होते किंवा डाख होतो. पण शिसे हा विषारी धातू आहे, आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास आपल्या वर्गात बसणाऱ्या वयाच्या मुलांनाच होतो. म्हणून या पाठाला दोन बाजू आहेत. पहिली : मिसळण्यामागचं शास्त्र. दुसरी : शिसे मुलांच्या हाताला आणि तोंडाला का लागू द्यायचं नाही. दोन्ही बाजू एकाच पाठात घ्याव्यात असं मला वाटतं.

सुरुवात कुठून करायची?

मुलांना विचारा, "शिसपेन्सिलमध्ये शिसे असतं का?" बहुतेक हात वर होतील. नावातच शिसे आहे ना!

खरं तर पेन्सिलीत शिसे नसतंच. तिच्यात ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये ग्रॅफाइटची खाण सापडली तेव्हा लोकांना ते शिशाचाच प्रकार वाटलं. कागदावर शिशाचीही करडी रेघ उमटते, त्यामुळे गैरसमज झाला. 1779 मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने ग्रॅफाइट हे कार्बनचे रूप आहे हे दाखवून दिले. तोवर नाव रुळलं होतं, ते तसंच राहिलं.

आता दुसरा प्रश्न : "जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीत छर्रा असतो, तो कशाचा?" इथे मात्र उत्तर खरोखरच 'शिशाचा' हे आहे. ज्या पेन्सिलीला आपण शिसे म्हणतो तिच्यात ते नाही, आणि पोरं जत्रेतून जे छर्रे वेचून खिशात घालतात त्यात ते आहे. इथपर्यंत आलात की वर्ग तुमच्या हातात आला समजा.

शिशाची ओळख

फळ्यावर एवढंच लिहा :

- संज्ञा : Pb ऐवजी आधी मराठीत 'शिसे' लिहा, मग संज्ञा सांगा. ती 'प्लंबम' या लॅटिन नावावरून आली. नळकाम करणाऱ्याला आपण 'प्लंबर' म्हणतो तोही शब्द तिथूनच आला, कारण रोमन लोक पाण्याचे नळ शिशाचे करत.
- अणुअंक : 82
- घनता : दर घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम. म्हणजे एक लीटरच्या बाटलीत पाणी 1 किलो मावतं, तर शिसे 11 किलोहून जास्त.
- वितळण्याचे तापमान : सुमारे 327 अंश सेल्सिअस. तांब्याला 1085 अंश लागतात.
- कठीणपणा : इतका मऊ की नखाने ओरखडा उठतो.

आपल्या देशात राजस्थानातील झावरच्या खाणींमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांपासून जस्त आणि शिशाचे खनिज काढले जाते. जड, मऊ आणि चुलीच्या आचेवर वितळणारा असा हा धातू. भट्टी नको, मोठी हत्यारे नकोत. म्हणूनच माणसाने तो फार लवकर हाताळायला घेतला, आणि म्हणूनच तो घराघरात शिरला.

सिंधुदुर्ग किल्ल्याची गोष्ट मुलांना माहीत असते. 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू झाले तेव्हा पायाचे चिरे शिसे ओतून पक्के बसवले, असे सांगितले जाते. शिशाला गंज चढून ते झडत नाही, आणि वितळलेले शिसे बारीक फटीतही शिरते. समुद्राच्या लाटांना तोंड देणाऱ्या बांधकामासाठी हे दोन्ही गुण कामाचे.

बंदुकीची गोळी : मऊ हवी की कठीण?

तोड्याच्या बंदुकीच्या काळात गोळी म्हणजे शिशाचा गोल मणी. दोन पाळ्यांचा साचा, त्यात वितळलेले शिसे ओतायचे, थंड झाले की साचा उघडायचा. शिवकाळात आपल्याकडे शिसे बरेचसे युरोपीय व्यापाऱ्यांकडून विकत घ्यावे लागे. दारू आणि शिसे हे दोन शब्द त्या काळच्या कागदपत्रांत जोडीने येतात ते त्यामुळेच.

त्या गोळीला शुद्ध, मऊ शिसे चालत होते. पुढे नळीच्या आतून पीळदार खाचा असलेली रायफल आली. 1857 च्या उठावाच्या वेळी जिच्या काडतुसांवरून असंतोष भडकला ती एन्फिल्ड रायफल याच प्रकारची. तिची गोळी मऊ शिशाचीच असे आणि त्यामागे कारण होते. स्फोटाच्या दाबाने मऊ गोळी किंचित फुगते आणि खाचांमध्ये घट्ट बसते. म्हणजे इथे मऊपणा हा दोष नव्हता, तोच गुण होता.

मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जास्त ताकदीची, धूर न करणारी दारू आली. गोळीचा वेग खूप वाढला आणि मऊ शिसे नळीत घासून चिकटू लागले. आता गोळी कठीण हवी. त्यावर दोन उपाय निघाले : शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ते कठीण करायचे, किंवा वरून तांब्याच्या संमिश्राचे कवच चढवायचे. पुढे दोन्ही उपाय एकत्र वापरले गेले. आत शिसे-अँटिमनीचा गाभा आणि वर कवच.

छऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. 1782 मध्ये इंग्लंडातील विल्यम वॉट्स यांनी वितळलेले शिसे उंचावरून चाळणीतून खाली पाण्यात पाडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पडता पडता थेंब गोल होऊन घट्ट होतात. हे थेंब नीट गोल व्हावेत म्हणून शिशात किंचित आर्सेनिक मिसळत असत. बघा, एकाच शिशाच्या तीन गरजा : एका ठिकाणी मऊ, एका ठिकाणी कठीण, एका ठिकाणी गोल थेंब होणारे. आणि तिन्हींचे उत्तर एकच : कशात काय किती मिसळलं.

आपल्या महाराष्ट्रात हे काम सरकारी कारखान्यांत होतं. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. आपल्या बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ वरणगावचा आयुध कारखाना आहे, तिथे लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. मुलांनी "सर, घरी गोळी करता येते का?" असं विचारलंच, तर सरळ सांगा : आपल्या देशात परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम, 1959 खाली गुन्हा आहे. प्रश्न दाबू नका, उत्तर द्या आणि पुढे चला. कारण पुढची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे.

खिळा : ज्या शिशाने आपल्याला अक्षरं दिली

पूर्वी छापखान्यात एकेक अक्षर धातूचे असे. त्याला 'खिळा' म्हणत, आणि खिळे जुळवणाऱ्याला 'जुळारी'. अ, आ, क, का, क्र, क्ष, ज्ञ... देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. इंग्रजीला कॅपिटल आणि लहान अक्षरे मिळून बावन्नच. आपली मुलं जोडाक्षराला अडखळतात तेव्हा एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही, की त्यापायी छापखानेवाल्यांनाही घाम फुटला होता.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली जावजी दादाजी चौधरी नावाचा एक गरीब घरचा मुलगा कामाला लागला. खिळे घासणे, साफ करणे अशी कामे करत तो ही विद्या शिकला. त्याच जावजींनी 1864 मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. अक्षरांचे ठसे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू त्यांच्या सोबत होते. निर्णयसागरचे देवनागरी खिळे इतके सुबक होते की देशभर त्यांचे नाव झाले, आणि तिथे छापलेले संस्कृत ग्रंथ आजही अभ्यासक शोधत असतात.

खिळा तयार कसा होई, ते क्रमाने सांगा :

1. पोलादाच्या दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. हा ठसा.
2. तो ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचा. तांब्यात अक्षराचा खोलगट साचा उमटतो.
3. तो साचा ओतण्याच्या चौकटीत बसवायचा.
4. वितळलेला धातू ओतायचा. क्षणात घट्ट होतो, आणि खिळा बाहेर.

आता मुलांना विचारा : यात शुद्ध शिसे ओतलं तर काय बिघडेल?

दोन गोष्टी बिघडतात. एक, शिसे थंड होताना आकसते, त्यामुळे अक्षराच्या कडा, वेलांटीचं टोक, रफारचा बाक धारदार उमटत नाही. दोन, हजारो प्रती छापताना मऊ खिळा दबतो आणि अक्षर बोथट होते. म्हणून खिळ्याचा धातू म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे संमिश्र.

कोण काय काम करतं?

हा भाग फळ्यावर तीन रकान्यांत लिहून घ्या.

शिसे : वितळते 327 अंशांना. स्वस्त, जड, साच्यात सहज वाहणारे. मुख्य भाग याचाच.

अँटिमनी : वितळते 631 अंशांना. स्वतः ठिसूळ, पण शिशाला कठीण करते. ओतीव वस्तू थंड होताना कमी आकसते, म्हणून कडा स्पष्ट येतात.

कथील : वितळते 232 अंशांना. धातूचा रस पातळ करते, तो बारीकसारीक खोबणीत नीट शिरतो. शिवाय अँटिमनीमुळे येणारा ठिसूळपणा कमी करते.

ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रासाठी नेहमीचे प्रमाण म्हणजे शंभर भागांत शिसे 84, अँटिमनी 12 आणि कथील 4. हातजुळणीचे खिळे पुन्हापुन्हा वापरायचे असतात, म्हणून त्यांत अँटिमनी आणि कथील याहून बरेच जास्त घालत. शुद्ध शिशाच्या मानाने 84-12-4 चा धातू चौपटीहून अधिक कठीण असतो.

आता खरी गंमत. वरची तीन तापमाने पुन्हा वाचायला सांगा : 327, 631, 232. "हे तिन्ही या प्रमाणात मिसळले तर मिश्रण किती अंशांना वितळेल?" मुलं सरासरी काढतील. कुणी 350 म्हणेल, कुणी 400. खरं उत्तर आहे सुमारे 240 अंश! ज्यात 84 टक्के शिसे आहे ते मिश्रण शिशाच्या आधीच वितळतं, तेही 631 अंशांचा अँटिमनी त्यात असताना.

डाखाचं तर आणखी नवल. कथील 63 भाग आणि शिसे 37 भाग घेतले की 183 अंशांनाच वितळते, म्हणजे दोघांच्याही खाली. रेडिओ दुरुस्त करणारा छोट्या गरम कांडीने तारा जोडतो तो याच जोरावर.

असं का होतं? घट्ट पदार्थात अणू ओळीने, एका ठरावीक रचनेत बसलेले असतात. वेगळ्या जातीचे, वेगळ्या आकाराचे अणू मध्ये आले की ती रचना बसायला अडचण होते, त्यामुळे मिश्रण जास्त थंड होईपर्यंत पातळच राहतं. आणि थंड झाल्यावर अँटिमनीचे बारीक कठीण कण मऊ शिशात जागोजागी अडकून बसतात, जशी सिमेंटमध्ये खडी. मऊ शिसे घसरायला जातं, कण अडवतात. म्हणून कठीणपणा. "मिसळणे म्हणजे भेसळ" असं पोरांना वाटत असतं. प्रमाण ठरवून, हेतू ठेवून मिसळलं तर ती कारागिरी असते. प्रमाण लपवून मिसळलं तर भेसळ. हा फरक इथेच सांगून टाका.

गणिताच्या तासाला

शेकडेवारीसाठी यापेक्षा चांगली उदाहरणं कुठे मिळणार?

उदाहरण 1 : 84-12-4 प्रमाणाचा 5 किलो धातू करायचा आहे. प्रत्येक धातू किती?
शिसे 4 किलो 200 ग्रॅम, अँटिमनी 600 ग्रॅम, कथील 200 ग्रॅम. बेरीज 5 किलो. ताळा जुळला.

उदाहरण 2 : वरच्या धातूचे 3 किलो जुने खिळे आणि 2 किलो शुद्ध शिसे एकत्र वितळवले. नव्या धातूत अँटिमनी किती टक्के?
3 किलोत अँटिमनी 360 ग्रॅम. शुद्ध शिशात शून्य. एकूण धातू 5 किलो. म्हणून 7.2 टक्के. याच रीतीने कथील 2.4 टक्के आणि शिसे 90.4 टक्के.

बरीच मुलं दुसऱ्या उदाहरणात 12 आणि 0 यांची सरासरी काढून 6 टक्के लिहितात. तिथे थांबा. वजनं सारखी नसताना टक्क्यांची नुसती सरासरी चालत नाही, हे एकदा कळलं की पुढे नफा-तोटा आणि मिश्रणाची गणितं सोपी जातात.

छापखान्यात हे गणित रोजचंच होतं. जुने खिळे वितळवले की वर करडी मळी येते. तिच्यात कथील आणि अँटिमनी निघून जातात आणि उरलेला धातू हळूहळू मऊ पडतो. मग हिशोबाने जास्त अँटिमनी-कथील असलेला धातू घालून प्रमाण पुन्हा जुळवावं लागे.

वर्गात करून काय दाखवायचं?

शिसे वितळवून दाखवायचं नाही. 'लांबून दाखवू', 'एकदाच दाखवू' हेही नाही. तत्त्व दाखवायला तीन साध्या गोष्टी पुरतात.

पहिली : बर्फ आणि मीठ. ओल्या पाटावर स्टीलचा पेला ठेवा. पेल्यात बर्फाचा चुरा आणि भरपूर जाडं मीठ घालून ढवळा. थोड्या वेळात पेला उचलला तर पाटही सोबत उचलला जातो, कारण खालचं पाणी गोठलेलं असतं. मिठामुळे बर्फ शून्य अंशाच्या खालीही वितळत राहतो आणि आसपासची उष्णता ओढून घेतो. हे संमिश्र नाही हे सांगा, पण नियम तोच : मिसळलं की वितळण्याचं तापमान उतरतं. मीठ-बर्फ मुलांना हातात धरू देऊ नका, कातडी भाजल्यासारखी होते.

दुसरी : पेन्सिली. दुकानातून 2एच, एचबी आणि 2बी अशा तीन पेन्सिली आणा. एकाच कागदावर रेघा मारायला लावा. 1795 मध्ये फ्रान्सच्या काँते यांनी ग्रॅफाइटची भुकटी आणि चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत काढली. माती जास्त तर पेन्सिल कठीण आणि फिकट, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी. खिळ्यातल्या अँटिमनीचं काम इथे माती करते. हाताला शिसे न लावता शिशाचा धडा शिकवणारी ही शिसपेन्सिलच!

तिसरी : बटाट्याचा ठसा. अर्ध्या बटाट्यावर 'क' सरळ कोरायला सांगा. ठसा उलटा उमटला की खिळ्यावरचं अक्षर उलटं का असतं ते न सांगता कळतं.

आता दुसरी बाजू

ज्या धातूने छापील अक्षरं घरोघर पोचवली, तोच धातू मुलाच्या शरीरात गेला तर त्याचं शिकणं खुंटवतो. ही गोष्ट पालकसभेत सांगण्यासारखी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शरीराला शिशाची काडीचीही गरज नाही. पण शरीर त्याला कॅल्शिअम समजून आत घेतं आणि हाडांत, दातांत साठवतं. गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या तुलनेत लहान मूल चार-पाच पट जास्त शोषून घेतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूची वाढ चालू असते त्याच वयात हे होतं. लक्ष न लागणं, चिडचिड, शिकलेलं न टिकणं, रक्त कमी होणं, पोट दुखणं, बद्धकोष्ठ ही त्याची लक्षणं. यातलं एकही लक्षण 'मी शिशामुळे आहे' असं सांगत येत नाही. आपल्याला दिसतं ते फक्त एक 'मागे पडलेलं', 'आळशी' मूल. मेंदूचं झालेलं नुकसान बहुतेक वेळा भरून येत नाही. रक्तात किती शिसे असलं तरी चालतं, अशी सुरक्षित पातळी कुठलीही सांगितलेली नाही.

युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात दर डेसीलीटरला 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे असल्याचा अंदाज दिला आहे. त्यात भारतातली मुलं सुमारे 27 कोटी 50 लाख. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा दहा लाखांत 90 भाग इतकी 2016 च्या नियमांनी ठरवली. हे चांगलंच झालं. तरी गावात शिसे येण्याचे रस्ते उरलेलेच आहेत.

आपल्या आसपास कुठे कुठे?

बॅटरी : जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी तीन चतुर्थांशांहून जास्त शिसे बॅटऱ्यांत जातं. तिच्यातली जाळी शिसे-अँटिमनी किंवा शिसे-कॅल्शिअमच्या संमिश्राचीच. डोणगावसारख्या हमरस्त्यावरच्या गावात गॅरेज, इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, ऑटो सगळं आहे. जुनी बॅटरी घरी फोडणं, तिचं पाणी अंगणात ओतणं म्हणजे शिशाची भुकटी मुलांच्या खेळायच्या मातीत मिसळणं. बॅटरी आहे तशी दुकानदाराला परत द्या. जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याचे नियम 2001 पासून आहेत, आणि 2022 च्या नव्या नियमांनी ती जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवर टाकली आहे.

जाळ्याच्या गोळ्या : पैनगंगेच्या काठी आणि धरणांवर मासेमारी चालते. जाळ्याच्या खालच्या कडेला शिशाच्या गोळ्या लावतात. त्या घरी ओतायच्या असतील तर स्वयंपाकाची चूल आणि भांडी वापरू नका, मुलांना जवळ ठेवू नका. ओल्या साच्यात वितळलेलं शिसे पडलं तर पाण्याची एकदम वाफ होऊन धातू उडतो, तो धोका वेगळाच. वरची करडी मळी झाडून अंगणात टाकू नका, खरं विष तिच्या बारीक धुळीत असतं. तयार गोळ्या विकत घेणं सगळ्यात बरं. आणि गळाला लावायची गोळी पोरं दाताने दाबून बसवतात, ते आजच थांबवा.

छर्रे : जत्रेतले वेचलेले छर्रे खिशात, कंपासपेटीत आणि मग तोंडात. कंपासपेट्या एकदा बघून घ्या.

कल्हई : चांगली कल्हई म्हणजे शुद्ध कथील. स्वस्त पडावी म्हणून त्यात शिसे मिसळलेलं असलं, तर ताक, चिंच, आमसूल अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. कल्हई करून घेताना कथलाची कांडी बघा. शुद्ध कथलाची कांडी वाकवली की कुरकुर असा आवाज येतो आणि कागदावर घासली तर शिशासारखी करडी रेघ सहसा उमटत नाही.

शेंदूर आणि सुरमा : पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. देवाला वाहायला कुणाची हरकत नाही, फक्त मुलांच्या बोटांवरून तो तोंडात जाऊ नये; हात धुवावेत. बाजारात मिळणाऱ्या सुरम्यात बऱ्याचदा शिशाचं खनिज असतं. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तो घालू नये.

शिक्षक म्हणून आपण काय करू शकतो?

1. जेवणाआधी साबणाने हात धुणं. शालेय पोषण आहाराच्या रांगेतच सवय लागते. शिसे बहुतेक वेळा हातावरून तोंडात जातं, म्हणून हा उपाय साधा असला तरी खरा आहे.
2. जे मूल सतत पोटदुखीची तक्रार करतं आणि अभ्यासात एकाएकी मागे पडतं, त्याच्या घरच्या कामाची आपुलकीने चौकशी करा. बॅटरी, भंगार, डाख, रंगकाम यांपैकी काही घरात होत असेल, तर पालकांना मूल डॉक्टरांना दाखवायला सांगा आणि घरच्या कामाची माहिती डॉक्टरांना द्यायला सांगा. रक्तातलं शिसे तपासता येतं. चारचौघांत विचारू नका. पोटासाठी केलेल्या कामाची लाज कुणाला वाटायला नको.
3. लोह आणि कॅल्शिअम पुरेसं असेल तर शरीर शिसे कमी शोषतं. म्हणून शाळेतल्या लोहाच्या गोळ्या, पालेभाजी, तीळ, दूध, नाचणी यांचं महत्त्व सांगा. पण 'दूध प्यालं, गूळ खाल्ला की शिसे उतरतं' हा समज खरा नाही, हेही सांगा. शिसे आत जाऊच नये हाच मुख्य उपाय.
4. शिशाचं काम करणाऱ्या पालकांनी घरी येताच कपडे बदलावेत, हातपाय धुवावेत आणि मगच लेकराला उचलून घ्यावं. 1700 साली इटलीच्या रामाझिनी या वैद्याने मडक्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे हाल लिहून ठेवले होते. एवढी जुनी माहिती अजून घरोघर पोचायची आहे, ती आपण पोचवू.

स्वाध्याय

1. 63-37 प्रमाणाच्या 200 ग्रॅम डाखात कथील किती आणि शिसे किती?
2. रायफलच्या पहिल्या काळात मऊ गोळी का चालली? नंतर कठीण का लागली?
3. खिळ्यात कथील नसतं तर अक्षरावर काय परिणाम झाला असता?
4. आजी-आजोबांना विचारा : गावात किंवा तालुक्याला खिळ्यांचा छापखाना होता का? लग्नपत्रिका कुठे छापल्या जात? घरात जुनी पत्रिका असेल तर वर्गात आणा. पाठीमागून बोट फिरवून बघा, अक्षरांचा दाब लागतो का.
5. घरात शिसे कोणकोणत्या वस्तूंत आहे याची पालकांसोबत यादी करा. यादी करताना वस्तूला हात लावायचा नाही, नुसतं बघून लिहायचं.

पाचवा प्रश्न पालकांकडून सही करून मागवा. माहिती विज्ञानाच्या वहीतून घरी जाते तेव्हा ती ऐकली जाते, आणि ज्या घरात जुनी बॅटरी अंगणात पडलेली आहे त्या घरातही ती याच वाटेने पोचेल.